पब्लिश: इंग्रजी क्रियापद आणि त्याचा वाक्यातला वापर

पब्लिश म्हणजे लिहिलेलं किंवा तयार केलेलं काहीतरी लोकांसाठी खुलं करणं, मग ते पुस्तक असो, रिसर्च पेपर असो, बातमी असो, नकाशा असो नाहीतर वेबसाइटवरचा लेख. लॅटिनमधे सार्वजनिक करणं या अर्थाचं पुब्लिकारे असं क्रियापद होतं, ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलं, आणि तेही युरोपात छापखाने सुरू व्हायच्या आधी, म्हणून छापणं हा याचा मूळ अर्थ नाहीच. हे लक्षात ठेवलं की बऱ्याच गोष्टी सोप्या होतात. हजार प्रती छापून गोडाउनमधे पडल्यात, बाहेर कुठेच आल्या नाहीत, तर त्या प्रिंटेड आहेत पण पब्लिश्ड नाहीत, आणि ऑनलाइन लेखाला शाईचा थेंब लागलेला नसतो तरी तो पब्लिश्ड असतो. अब्रुनुकसानीच्या कायद्यात तर अर्थ अजून पुढे जातो, बदनामीचा मजकूर ज्याच्याबद्दल आहे तो माणूस सोडून तिसऱ्या कुणापर्यंत पोचला, अगदी एका पत्रातून पोचला, तरी इंग्रजीत तो पब्लिश झाला असंच म्हणतात.

रूपं सरळ आहेत: पब्लिश, पब्लिशेस, पब्लिश्ड, पब्लिशिंग. बोलताना मात्र पब्लिश्डच्या शेवटी ड नाही, ट ऐकू येतो.

खरी अडचण येते ती कर्त्याची. आपण मराठीत सहज म्हणतो पुस्तक 2015 मधे प्रकाशित झालं, "झालं" म्हटलं की कुणी केलं ते सांगायची गरजच उरत नाही, आणि तेच डोक्यात ठेवून इंग्रजी लिहिलं की "द बुक पब्लिश्ड इन 2015" असं वाक्य तयार होतं, जे चूक आहे. पुस्तक स्वतःला प्रकाशित करत नाही, कुणीतरी ते करतं, म्हणून पुस्तक कर्त्याच्या जागी आलं की "द बुक वॉज पब्लिश्ड इन 2015" असं वॉज लागतंच. ही चूक सहजासहजी दिसत नाही याचं कारण म्हणजे तेच शब्द दुसऱ्या वाक्यात बरोबर असतात. "द बुक पब्लिश्ड इन 2015 इज आउट ऑफ प्रिंट" हे वाक्य अगदी ठीक आहे, पण तिथे पब्लिश्ड हे "2015 मधे प्रकाशित झालेलं" एवढंच सांगतं आणि वाक्याचं मुख्य क्रियापद इज आहे. तेव्हा तपासायचं ते एवढंच, की पब्लिश्ड सोडून दुसरं क्रियापद वाक्यात आहे का, नसेल आणि कर्ता पुस्तक किंवा लेख असेल तर वॉज नाहीतर वेअर राहिलंय. "इट गॉट पब्लिश्ड" हेही चालतं, फक्त बोलण्यातलं वाटतं.

माणूस किंवा संस्था कर्ता असेल तर वॉज नको, "शी पब्लिश्ड अ नॉव्हेल", "द जर्नल पब्लिश्ड हर पेपर". लेखकालाही कर्ता करता येतं हे बऱ्याच जणांना खटकतं, पण ते बरोबर आहे. न्यूटनचा प्रिन्सिपिया 1687 मधे आला तेव्हा छपाईचा खर्च एडमंड हॅली या खगोलशास्त्रज्ञाने केला होता, तरी "न्यूटन पब्लिश्ड द प्रिन्सिपिया इन 1687" असं बिनधास्त लिहिता येतं. लेखक कर्माच्या जागीही येतो, "हू पब्लिशेस हर?" म्हणजे तिची पुस्तकं कोण काढतं. आणि कर्म अजिबात नसलेलं वाक्यही असतं, "ही पब्लिशेस रेग्युलरली", हे मुख्यतः संशोधकांच्या जगातलं, जिथे पब्लिश ऑर पेरिश हा वाक्प्रचार चालतो, म्हणजे पेपर काढत राहा नाहीतर करिअर संपलं.

काळाचं बघायचं तर "हॅज पब्लिश्ड थ्री बुक्स" हे हयात लेखकाबद्दल, अजून चौथं येऊ शकतं, पण न्यूटनबद्दल हॅज नाही. आणि साल लिहिलं की हॅज बीन काढायचं, "हॅज बीन पब्लिश्ड इन 2015" चूक, "वॉज पब्लिश्ड इन 2015" बरोबर. मासिकासाठी "इज पब्लिश्ड मंथली", कारण ते चालूच आहे.

शब्दयोगी अव्ययं थोडक्यात: प्रकाशकाच्या नावाआधी बाय, मासिक, शहर किंवा सालाआधी इन, वेबसाइट किंवा पूर्ण तारखेआधी ऑन, टोपणनावाआधी अंडर. डार्विनचं ओरिजिन ऑफ स्पीशीज घ्या, "इट वॉज पब्लिश्ड इन लंडन बाय जॉन मरे ऑन 24 नोव्हेंबर 1859". मराठीतलं "कडून" आठवून प्रकाशकाआधी फ्रॉम लावू नये. विषय सांगताना "ही पब्लिश्ड अबाउट क्लायमेट" पेक्षा "पब्लिश्ड अ पेपर ऑन क्लायमेट" लिहावं, काय पब्लिश केलं ते सांगितल्याशिवाय वाक्य अर्धवट वाटतं.

पब्लिसाइज हे वेगळं क्रियापद, त्याचा अर्थ गाजावाजा करणं, आणि मराठीत प्रसिद्ध करणं दोन्हीकडे चालत असल्याने ही गल्लत फार होते. सिनेमा आणि गाणं रिलीज होतं, सोशल मीडियावरचा दोन ओळींचा मजकूर पोस्ट होतो, अहवालाला मात्र रिलीज आणि पब्लिश दोन्ही चालतात. उलट अर्थासाठी अनपब्लिश्ड, आणि लेखक गेल्यावर छापलेल्यासाठी पॉस्थ्युमसली पब्लिश्ड. कवयित्री एमिली डिकिन्सन 1886 मधे वारली, हयातीत तिच्या मोजक्याच कविता बाहेर आल्या होत्या आणि पहिला संग्रह निघाला 1890 मधे, म्हणून त्याबद्दल लिहिताना "हर फर्स्ट कलेक्शन वॉज पब्लिश्ड पॉस्थ्युमसली इन 1890" असं लिहायचं, "शी पब्लिश्ड" नाही.