कारवान गेल्यावर मेंदूत काय घडतं

घरातला शिकारी कुत्रा गेला, तरी पुढचे काही दिवस फरशीवर त्याच्या नखांचा आवाज येत राहतो. कोल्हापूर जिल्ह्यात करवीर, कागल, राधानगरीकडं ज्या घरांत कारवान जातीचे शिकारी कुत्रे पाळतात, तिथली माणसं हे दबक्या आवाजात सांगतात. लोक हसतील अशी धास्ती असते. पहाटे मोटर सुरू करायला निघालेला माणूस उंबऱ्यावर थबकतो, कारण त्याच्या पुढं कुणीतरी पळत जायचं असतं. हा भास असला तरी वेड नक्कीच नाही.

नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम शहरात मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांची प्रयोगशाळा आहे. मेंदूत जागेचा नकाशा कसा तयार होतो, या शोधासाठी त्यांना 2014 चं नोबेल मिळालं. 2013 मध्ये तिथं एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. उंदीर ज्या पेटीत फिरायचे, तिथं एक वस्तू ठेवली आणि नंतर काढून घेतली. वस्तू गेल्यावरही उंदीर त्या रिकाम्या जागी आला की त्याच्या मेंदूतल्या काही पेशी जाग्या होत. पुढं अनेक दिवस हे चालू राहिलं. ‘इथं काहीतरी असायचं’ एवढंच सांगणाऱ्या त्या पेशी होत्या. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मेरी-फ्रान्सिस ओकॉनर शोक समजावताना याच पेशींचा दाखला देतात. जवळचं कुणी गेलं हे आपल्याला एका क्षणात कळतं, पण मेंदूतला नकाशा बदलायला वेळ लागतो. रोज त्या जागी जावं लागतं आणि ती रोज रिकामी दिसावी लागते, तेव्हा कुठं जुनी खूण पुसट होते.

माणसांच्या बाबतीतही असे अनुभव नोंदले गेले आहेत. 1971 मध्ये वेल्समधल्या एका डॉक्टरांनी जोडीदार गमावलेल्या 293 जणांशी बोलून पाहणी प्रसिद्ध केली. जवळपास निम्म्या लोकांना गेलेल्या माणसाचा भास या ना त्या रूपात होत होता. बहुतेकांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता कुत्र्याकडं वळू. कारवान किंवा मुधोळ हाउंड हा नजरेनं शिकार करणारा कुत्रा. ऑस्ट्रेलियात 2004 साली झालेल्या अभ्यासात दिसलं, की लांब तोंडाच्या कुत्र्यांच्या डोळ्यातल्या पडद्यावर चेतापेशींचा दाट पट्टा आडवा पसरलेला असतो. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यात त्या मध्यभागी गोळा झालेल्या असतात. त्यामुळं माळावर दूर काही हललं की कारवानाची मान सगळ्यांच्या आधी वळते. पळताना एका झेपेच्या चक्रात त्याचे चारही पाय दोनदा जमिनीवरून सुटतात. चित्त्याची धावही अशीच. कोल्हापूर संस्थानात काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळत, म्हणजे या मातीनं ही धाव दोन्ही जनावरांत पाहिली आहे. पुढं काळ बदलला. संस्थानच्या शिकारीच्या जंगलात 1958 मध्ये दाजीपूरचं गवा अभयारण्य झालं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी शिकार गुन्हा ठरली, अगदी सशाचीसुद्धा. शिकार थांबली, ते योग्यच झालं. कुत्रा मात्र घरात राहिला, आता उसाच्या फडाची आणि गोठ्याची राखण करायला.

हा कुत्रा फारसा अंगचटीला येत नाही. परक्याचा हात त्याला नको असतो, घरच्यांपाशीही तो दोन हात अंतर राखून बसतो. मग त्याच्या जाण्यानं एवढं का तुटतं?

जपानमध्ये 2015 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कुत्रा आणि मालक एकमेकांकडं बराच वेळ पाहत राहिले, तर दोघांच्याही लघवीत ऑक्सिटोसिन वाढलेलं आढळलं. आई आणि तान्ह्या बाळाचं नातं घट्ट करणारं हेच संप्रेरक. माणसाळलेल्या लांडग्यांत असं घडलं नाही. कोलकात्याजवळच्या आयसर या विज्ञान संस्थेत अनिंदिता भद्र यांच्या गटानं रस्त्यावरच्या कुत्र्यांना बोटानं भांडं दाखवलं. जी कुत्री जवळ आली, त्यांतली सुमारे 80 टक्के कुणी शिकवलेलं नसताना त्या बोटामागं गेली. मला यात नात्याचं मूळ दिसतं. राखण करणाऱ्या कुत्र्याशी आपण दिवसभर असंच न बोलता बोलत असतो. त्याचे कान टवकारले की आपण थांबतो, तो निवांत पसरला की आपणही निर्धास्त होतो. त्याच्या इंद्रियांवर आपण वर्षानुवर्षं विसंबलेले असतो. तो गेल्यावर रात्रीचा अंधार एकदम मोठा वाटतो तो त्यामुळं.

हे प्रेम पोटच्या लेकरासारखंच असतं का? बोस्टनमध्ये काही आयांना स्वतःच्या मुलाचे आणि स्वतःच्या कुत्र्याचे फोटो दाखवून त्यांचा मेंदू स्कॅन केला गेला. भावना आणि जिव्हाळ्याशी निगडित बरेच भाग दोन्ही वेळा सारखे जागे झाले. मेंदूच्या बुंध्यातला एक छोटा भाग मात्र फक्त मुलाच्या फोटोला दाद देत होता. मला हे उत्तर प्रामाणिक वाटतं. कुत्रा म्हणजे मूल नव्हे, पण घरातल्या माणसांसाठी मेंदू जे धागे वापरतो, त्यांतलेच पुष्कळसे त्याच्यासाठीही वापरतो.

समाज मात्र ते मानत नाही. माणूस गेला की सुतक असतं, भावकी जमते, शेजारून कडू घास येतो, दहावं होतं, तेरावं होतं. रडायला जागा मिळते आणि रडणं थांबवायलाही. कुत्र्याला त्याच दिवशी बांधावर खड्डा काढून मीठ घालून पुरतात आणि दुसऱ्या दिवशी दूध घालायला डेअरीवर जावं लागतं. चेहरा उतरलेला दिसला तर कुणीतरी म्हणतंच, “आरं, कुत्रं गेलंय, माणूस न्हवं!” ज्या दुःखाला समाज दुःख मानत नाही, त्याचा अभ्यास केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकांनी 1989 पासून मांडला. असं दुःख कमी होत नाही, ते एकट्यानं वाहावं लागतं, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

आणि हे दुःख फार जुनं आहे. जर्मनीतल्या बॉन शहराजवळ 1914 मध्ये सापडलेल्या सुमारे 14,000 वर्षांपूर्वीच्या दफनात एक पुरुष, एक स्त्री आणि कुत्र्याचं पिल्लू होतं. पिल्लाच्या दातांवरून कळलं, की त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार झाला होता आणि आजारातही ते काही आठवडे तगलं होतं. कुणीतरी त्याला भरवलं, पुसलं, उबेत ठेवलं, त्याशिवाय ते शक्य नव्हतं. शिकारीला ते पिल्लू कधीच गेलं नसणार.

शेवटी इंजेक्शन द्यावं लागलं असेल तर अपराधीपणा फार छळतो. त्यात आधी भुलीचं औषध मोठ्या मात्रेत जातं, शुद्ध हरपते आणि त्यानंतर श्वास आणि हृदय थांबतं. ‘चार दिवस आधी नेलं असतं तर’ हा प्रश्न मन पुन्हा पुन्हा उगाळतं, कारण मरणापेक्षा चूक मान्य करणं त्याला सोपं जातं. मुलांना ‘तो झोपला’ किंवा ‘गावाला गेला’ असं सांगू नये. मेलेलं परत येत नाही हे बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या वयात उमगतं. त्याआधीच्या लेकराला झोपेचीच भीती बसू शकते.

घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याच्याकडं पाहा. इटलीत 426 पालकांच्या पाहणीत, 2022 मध्ये, जोडीदार कुत्रा गेल्यावर 86 टक्के घरांतल्या मागं राहिलेल्या कुत्र्याचं वागणं बदललेलं आढळलं. खेळ कमी, खाणं कमी, झोप जास्त, माणसाला चिकटणं जास्त. मालक जितका खचलेला, तितकं कुत्र्याचं खाणं घटलेलं आणि भीती वाढलेली होती. त्याची दूध-भाकरी ठरल्या वेळेला द्या, नेहमीच्याच वाटेनं फिरवा आणि दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. उसाच्या पट्ट्यात गोचीड ताप असतोच, आणि तोही सुरुवातीला असाच मरगळलेला दिसतो.