लेक डिस्ट्रिक्टमधील वाहनमुक्त ग्रॅव्हल सायकलिंग

इंग्लंडच्या वायव्येला कंब्रियात डोंगर आणि तलावांचा जो प्रदेश आहे, तिथल्या खडीच्या आणि मुरमाड वाटांवर, मोटारींची वर्दळ टाळून सायकल चालवण्याचा प्रकार. हा प्रदेश १९५१ पासून राष्ट्रीय उद्यान असून २०१७ साली त्याला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. क्षेत्रफळ सुमारे २,३६० चौ. किमी. नाव ‘लेक’ डिस्ट्रिक्ट असले तरी ज्याच्या नावात ‘लेक’ हा शब्द रूढ आहे असा मोठा तलाव एकच, बॅसनथ्वेट. बाकी सगळे ‘मिअर’ किंवा ‘वॉटर’.

ग्रॅव्हल सायकलिंग हे नाव अमेरिकेतून आले. कॅन्ससमधली याची प्रसिद्ध शर्यत २००६ ची, आणि पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इटलीत २०२२ साली झाली. नाव नवे, पण खोड जुनी. डांबर सोडून आडवाटेला जाणाऱ्या इंग्रज सायकलस्वारांनी १९५५ मध्येच ‘रफ स्टफ फेलोशिप’ हे मंडळ काढले होते. साध्या प्रवासी सायकली घेऊन ते डोंगरखिंडी ओलांडत, जिथे चालवता येत नसे तिथे ढकलत आणि ढकलताही येत नसे तिथे खांद्यावर घेत.

इथल्या बहुतेक वाटा सायकलसाठी बांधलेल्याच नाहीत. घोडे, रेल्वे, पाटीच्या दगडाच्या खाणी आणि सरकारी जंगल या चार उद्योगांनी आपापल्या कामासाठी वाटा पाडल्या. काम संपले किंवा कमी झाले, वाटा उरल्या. त्यामुळे ‘वाहनमुक्त’ या एकाच शब्दाचा अर्थ वाटेगणिक बदलतो, आणि टायरखाली काय येणार हेही ती वाट कोणी पाडली त्यावर ठरते.

कायद्याने पाहिले तर सर्वांत महत्त्वाची ती घोडवाट. इंग्लंड आणि वेल्समध्ये सार्वजनिक पायवाटेवर सायकल चालवण्याचा हक्क नाही. घोडवाटेवर मात्र तो १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टने दिला, एका अटीवर : पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. फाटकाच्या खांबावरचा बाण निळा असेल तर घोडवाट, पिवळा असेल तर पायवाट. नकाशापेक्षा हा बाण जास्त उपयोगी पडतो, कारण शेतातल्या दोन वाटा दिसायला अगदी सारख्या असतात.

जंगलातले रस्ते वेगळे. तिथे बहुतेक ठिकाणी हक्क नसतो, परवानगी असते, आणि लाकूडतोड सुरू असली की ती तात्पुरती बंदही होते.

तिसरा प्रकार फसवा. आपल्याकडच्या पाणंद रस्त्यासारख्या दिसणाऱ्या काही जुन्या कच्च्या वाटांवर मोटारींना कायद्याने मज्जाव नाही. थ्रेलकेल्डजवळच्या सेंट जॉन्स इन द व्हेलमधून डॉक्रेकडे जाणारा ओल्ड कोच रोड हा ग्रॅव्हलवाल्यांचा लाडका, उघड्या माळावरून सव्वाचारशे मीटरच्या वर चढणारा, पण एखादी जीप समोरून आली तर आश्चर्य वाटून घेऊ नये. टिल्बरथ्वेट आणि लिटल लँगडेल परिसरातल्या अशाच वाटांवर जीप-मोटारसायकलींना बंदी घालावी, अशी मागणी झाली. उद्यान प्राधिकरणाने २०१९ मध्ये ती मान्य केली नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०२० मध्ये निकाल प्राधिकरणाच्या बाजूने लागला. गंमत अशी की या वाटांच्या खडीला रूप आले ते खाणीतून दगड वाहणाऱ्या गाड्यांमुळे. शांतता तिथे मागाहून आली.

रेल्वेचे उदाहरण केझिक ते थ्रेलकेल्ड या सुमारे ५ किमीच्या मार्गाचे. कॉकरमथ, केझिक अँड पेनरिथ रेल्वे १८६४-६५ मध्ये सुरू झाली. तिचा अभियंता टॉमस बाउच; १८७९ साली कोसळलेला टे नदीवरचा पूल याचाच. केझिक-पेनरिथ हा शेवटचा टप्पा १९७२ मध्ये बंद पडला. रूळ उखडले, पण चढ राहिला. वाफेच्या इंजिनाला झेपेल असा मंद, त्यामुळे आज लहान मुलालाही झेपतो. ग्रेटा नदीच्या घळीतून ही वाट पुन्हापुन्हा पूल ओलांडत जाते. समुद्रापासून समुद्रापर्यंत जाणाऱ्या ‘सी टू सी’ या सायकलमार्गाचाही ती भाग आहे.

५ डिसेंबर २०१५ ला डेझ्मंड वादळ आले. होनिस्टर खिंडीत २४ तासांत ३४१.४ मिमी पाऊस पडला, हा ब्रिटनचा विक्रम. ग्रेटेने या वाटेवरचे दोन पूल वाहून नेले. पाच वर्षांनी, डिसेंबर २०२० मध्ये वाट पुन्हा खुली झाली. ७० च्या दशकात वरून महामार्ग नेताना बुजवलेला एक बोगदाही उकरून मोकळा केला गेला. दुरुस्तीत वाटेवर डांबर घातल्यावरून मात्र बरीच वादावादी झाली. राष्ट्रीय उद्यानात डांबर कशाला, असे एका बाजूचे म्हणणे. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला खडी कशी चालेल, असे दुसऱ्या बाजूचे. दुसरी बाजू अधिक बरोबर वाटते. पण ग्रॅव्हल मार्गांच्या यादीत ही वाट आता केवळ सवयीने येते, हेही खरे.

विंडरमिअर हा इंग्लंडमधला सर्वांत लांब नैसर्गिक तलाव. त्याच्या पूर्व काठाला हमरस्ता, हॉटेले आणि गर्दी. पश्चिम काठाला रे कॅसलपासून फेरीच्या धक्क्याकडे जाणारी झाडीतली वाट. निम्म्याहून अधिक अंतर ती पाण्याच्या अगदी कडेने जाते. मधेमधे ओकची मुळे वर आलेली असतात आणि त्यांच्यामधल्या खळग्यांत बारीक खडी साचते. नवख्याने सुरुवात इथून करावी. याच काठामागे, कॉनिस्टन वॉटरपर्यंत पसरलेले ग्रायझ्डेल जंगल आहे. १९७७ पासून तिथे झाडांत शिल्पे उभी केली जात आहेत, त्यामुळे वळणावर लाकडी आकृती दिसली की सायकली आपोआप थांबतात.

जंगलातले रस्ते लाकडाच्या अवजड ट्रकांसाठी केलेले, म्हणून रुंद आणि दणकट. खडी अनेकदा जवळच्याच दगडाची, धारदार आणि रोलरने दाबलेली. खाणवाटांवर पाटीच्या दगडाच्या कपच्या असतात. त्या चाकाखाली कपबश्यांसारख्या वाजतात आणि टायरची कड चिरतात. डोंगरउतारावरच्या वाटांना तिसरीच अडचण. पावसाचे पाणी वाट खरवडू नये म्हणून ठिकठिकाणी उभ्या फरश्या रोवून आडव्या चरी काढलेल्या असतात. उतारावरून वेगात आलेल्याला चर शेवटच्या क्षणी दिसते, पुढचे चाक उडी मारते, मागचे कडेवर आपटते आणि ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोके पडतात. यासाठी ४० मिमीच्या आसपास रुंदीचे टायर, ट्यूब काढून आत पंक्चर भरणारे द्रव आणि नेहमीपेक्षा बरीच कमी हवा, असा बेत असतो. हँडल मात्र शर्यतीच्या सायकलसारखे वळलेलेच.

पाऊस हा इथला कायमचा सोबती. सीथ्वेट या वस्तीवर वर्षाला सुमारे ३,५०० मिमी पडतो. महाबळेश्वरकराला हा आकडा किरकोळ वाटेल, पण आपल्याकडे तो चार महिन्यांत उरकतो, इथे बारा महिने पुरवून पुरवून पडतो. चांगली घातलेली खडी पाणी खाली सोडते, म्हणून शेतातली घोडवाट चिखलात रुतलेली असते त्या दिवशीही जंगलरस्ता चालू असतो.

वाहनमुक्त हा शब्द खऱ्या अर्थाने लागू पडतो तो एनरडेलला. या तलावाच्या काठाने सार्वजनिक मोटाररस्ताच नाही. गाड्या बोनेस नॉटच्या वाहनतळावर थांबतात. पुढे जंगलखात्याचा खडीरस्ता तलाव उजवीकडे सोडत जातो, मग लिझा नदीच्या सोबतीने वर सरकतो. १९२० च्या दशकापासून इथे लाकडासाठी सूचिपर्णी झाडांच्या रांगा लावल्या गेल्या. डोंगरावर ओढलेल्या त्या सरळ रेघांवर त्या काळी पुष्कळ टीका झाली होती. २००३ च्या सुमारास ‘वाइल्ड एनरडेल’ हा उपक्रम सुरू झाला. दरी निसर्गाच्या कलाने जाऊ द्यायची, गॅलोवे जातीची गुरे मोकळी चरू द्यायची, नदीला हवे तसे वळू द्यायचे. सायकलवाल्याला याचा अर्थ असा की रस्त्यात काळी, केसाळ गाय बसलेली असू शकते, आणि घंटी वाजवून ती उठत नाही.

सुमारे ९ किमीनंतर झाडी संपते आणि ब्लॅक सेल हे छोटे वसतिगृह दिसते. मुळात हे मेंढपाळांचे खोपटे. समोर ग्रेट गेबल हा डोंगर, दोन्ही बाजूंना खिंडी, आणि खडीरस्ता इथेच संपतो. डावीकडे बटरमिअरला, उजवीकडे वॉसडेलला घोडवाट जाते, निळा बाणही आहे. कायद्याने सायकल चालवता येते. प्रत्यक्षात पहिल्याच चढावर ती खांद्यावर येते.