कापलेले कान आणि तेवीस जातींची यादी

मार्च २०२४ मध्ये काही आठवडे कर्नाटकातल्या निपाणीतल्या रॉटवायलर कुत्र्याला एक कायदा होता आणि हद्दीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या कागलमधल्या रॉटवायलरला दुसरा. १२ मार्चला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र धाडलं: पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, डोगो अर्जेंटिनो अशा तेवीस जातींची आयात, पैदास आणि विक्री बंद करा, नवे परवाने देऊ नका, जी कुत्री आधीच घरात आहेत त्यांची नसबंदी करा. आठवडाभरातच कर्नाटक उच्च न्यायालयाने या पत्राला स्थगिती दिली, पण ती कर्नाटकापुरतीच.

पत्राची घाई का झाली, तर २०२३ अखेरीस दिल्ली उच्च न्यायालयाने या विषयावर तीन महिन्यांत निर्णय घ्या असं केंद्राला सांगितलं होतं. घाई यादीतही दिसते. 'तोसा इनू' एकदा येतो आणि पुढे 'जपानी तोसा' म्हणून तोच कुत्रा पुन्हा येतो. सगळे 'टेरियर' एका शब्दात गुंडाळले आहेत, मग त्यात मांडीवर बसणारे छोटे टेरियरही आले. १० एप्रिलला कर्नाटक उच्च न्यायालयाने केंद्राचं हे परिपत्रक रद्दच केलं. कुत्रे पाळणाऱ्यांचं, जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थांचं म्हणणं न ऐकता एवढा निर्णय घेता येत नाही, हा निकालाचा गाभा. कुत्रे निरुपद्रवी आहेत, असं न्यायालयाने म्हटलेलं नाही. रीतसर सल्लामसलत करून केंद्राला नवा निर्णय घेण्याची वाट मोकळीच ठेवली. बेळगावात मात्र अनेकांनी 'बंदी उठली' एवढंच ऐकलं, आणि चावा बसलेल्या माणसाचा प्रश्न होता तिथेच राहिला.

कुत्र्यांचे कान कापण्याचा प्रश्न याहून खूप जुना आहे, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा. आपल्या भागाचा शिकारी कुत्रा म्हणजे मुधोळचा कारवान. घोरपडे संस्थानिकांनी तो जोपासला, २००५ मध्ये तो टपाल तिकिटावर आला. त्याचे कान लोंबते, आणि ते तसेच राहिले. टोकदार उभ्या कानांची हौस डॉबरमन, ग्रेट डेन, बॉक्सर यांच्याबरोबर आली. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाच्या कानाची पाळी कूर्चेसकट कापतात, कडा शिवतात, मग कान उभे राहावेत म्हणून कित्येक आठवडे चिकटपट्टीने ताणून बांधतात. पट्टी बदलताना पिल्लू दर वेळी ओरडतं. यात कुत्र्याच्या तब्येतीचा काही संबंध नाही. तो रागीट दिसावा एवढाच हेतू.

प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणारा १९६० चा कायदा अवयव छाटणं गुन्हा मानतो. कलम ११ मध्ये सूट दिलेल्या गोष्टी मोजक्या आहेत: गुरांची शिंगं काढणं, खच्चीकरण, डाग देणं, वेसण घालणं. कान कापणं त्यात नाही. पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, आणि तो आकडा कित्येक दशकं तसाच आहे. २०११ मध्ये पशुवैद्यकांच्या नियामक संस्थेने आपल्या डॉक्टरांना उपचाराची गरज नसताना कान-शेपूट कापू नका असं कळवलं. त्याला मद्रास उच्च न्यायालयात आव्हान मिळालं आणि २०१३ मध्ये ते परिपत्रक रद्द झालं. २०१७ च्या नियमांनी पैदास करणाऱ्यांना नोंदणी सक्तीची केली आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई केली. म्हणजे कान कापायचं वय आणि विक्रीचं वय जवळपास एकच.

ज्या डॉबरमनचे कान आपल्याकडे सर्रास कापले गेले, तो तेवीसच्या यादीत नाही. मुद्दाम उग्र केलेला चेहरा पाहून माणूस घाबरतो, आणि कायदा जातीचं नाव शोधत राहतो. कात्री कुणी चालवली हे तो विचारत नाही. मे २०२४ मध्ये केंद्राने याच यादीवर हरकती आणि सूचना मागवल्या. बेळगाव, खानापूर, चिकोडीत मात्र केंद्राच्या रद्द झालेल्या मार्चमधल्या परिपत्रकाच्या आधारे परवाना नाकारता येत नाही. कान कापल्याची तक्रार करायची तर कलम ११ आजही आहे, त्याच पन्नास रुपयांसह.