इस्रायलचा अभ्यासदौरा: व्हिसा कोणता, कागदपत्रं कोणती

समाजकार्याचे विद्यार्थी किंवा गावपातळीवर काम करणारे तरुण कार्यकर्ते या दौऱ्याबद्दल विचारतात, तेव्हा माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बघायला जायचंय, शिकायला की राबायला? व्हिसाचा प्रकार त्यावरच ठरतो आणि बहुतेक घोळही इथेच होतात.

बघायला म्हणजे दोनेक आठवड्यांचा गटदौरा. स्देरोत शहरात १९८७ साली सुरू झालेलं 'मिगवान' हे शहरी किबुत्झ घ्या. किबुत्झ म्हणजे मुळात शेती करणारी सामूहिक वसाहत, पण इथे शेती नाही, गोठा नाही. साध्या शहरी वस्तीत राहून माणसं कमाई एकत्र करतात आणि गावासाठी काम करतात. किंवा दक्षिणेचं नेगेव्ह वाळवंट आणि उत्तरेचा गॅलिली भाग, इथली 'आयालीम' संघटनेची विद्यार्थी-गावं. तिथली मुलं स्वस्त घर आणि शिष्यवृत्तीच्या बदल्यात आसपासच्या वस्तीत मुलांचे अभ्यास घेतात. हे बघायला बी/२ हा भेटीचा व्हिसा लागतो, मुक्काम जास्तीत जास्त तीन महिने. मान्यताप्राप्त संस्थेत शिकायचं असेल तर ए/२. किबुत्झवर स्वयंसेवक म्हणून राहायचं तर बी/४. 'पगार तर घेत नाही' म्हणून बी/२ वर राबायला जाऊ नका.

पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा. फोटो, परतीच्या तिकिटाचं बुकिंग, बँकेचं स्टेटमेंट, प्रवास विमा, कॉलेजचं बोनाफाइड किंवा नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र, ही नेहमीची फाइल. पण खरा जीव यजमान संस्थेच्या निमंत्रणपत्रात आहे. कोण येणार, कोणत्या तारखांना, कुठे राहणार, खर्च कोण करणार, हे सगळं त्यात स्पष्ट हवं. नाव पासपोर्टवर आहे तस्संच लिहून घ्या. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये येतं, लग्नानंतर आडनाव बदलतं. पत्रात 'सुनीता पाटील' आणि पासपोर्टवर 'सुनीता रमेश जाधव' असेल तर अर्ज अडकलाच म्हणून समजा. मराठी दाखल्यांचं इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा.

बेने इस्रायली, म्हणजे मूळच्या कोकणातल्या मराठी ज्यू घरातल्या मुलांना आणखी एक वाट आहे. 'तगलित' म्हणजे बर्थराइट हा दहा दिवसांचा मोफत दौरा १८ ते २६ वयाच्या ज्यू तरुणांसाठी असतो. आई किंवा वडील ज्यू असले तरी चालतं. जास्त काळ राहायचं तर 'मासा' या संस्थेचे लांब मुदतीचे कार्यक्रम बघा. जन्मदाखल्यासोबत आपल्या सिनेगॉगचं (ज्यू प्रार्थनास्थळाचं) पत्रही हाताशी ठेवा. दिमोना, अश्दोदला गेलात तर तिथल्या जुन्या मंडळींशी मराठीत बोला. कोकणातून येऊन नव्या गावात समाज कसा उभा केला, हे त्यांच्याइतकं कोण सांगणार?

बेन गुरियन विमानतळावर पासपोर्टवर शिक्का न मारता एक छोटी निळी चिठ्ठी देतात. परतेपर्यंत ती जपा. तिथे विचारपूस बरीच होते. खरं आणि थोडक्यात सांगा. कार्यक्रम आखताना शुक्रवार दुपार ते शनिवार संध्याकाळ मोकळी सोडा. शब्बाथमुळे, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसामुळे, बहुतेक ठिकाणी बस बंद असतात. भेटी रविवारी ठेवा, तिथला कामाचा आठवडा तेव्हाच सुरू होतो.

आणि तिकीट काढण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची प्रवास-सूचना वाचाच. स्देरोत गाझाच्या हद्दीपासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यात त्या गावानं काय भोगलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे जावं की नाही हे यजमानांना विचारून ठरवा, आणि पोहोचल्यावर तेल अवीवच्या भारतीय दूतावासात नोंदणी करा.