खाद्यछायाचित्रे आणि समकालीन कला

ताटातल्या पदार्थापेक्षा त्या पदार्थाच्या छायाचित्रालाच विषय मानणारी दृश्यकला. चित्र, शिल्प, छायाचित्रण, सादरीकरण अशा निरनिराळ्या माध्यमांत ती आढळते. ६ ऑक्टोबर २०१० रोजी इन्स्टाग्राम सुरू झाले, पहिल्या घासाआधी फोटो काढण्याची सवय जगभर पसरली आणि या कलेला भरपूर खाद्य मिळाले. तिची मुळे मात्र बरीच जुनी आहेत.

सतराव्या शतकातील पीटर क्लास, विलेम हेडा, क्लारा पेटर्स या युरोपीय चित्रकारांच्या चित्रांतील मेजांवर अर्धवट सोललेले लिंबू, चिनी मातीची बशी, चांदीचा पेला अशा वस्तू दिसतात. त्यांतल्या कित्येक दूरदेशाहून आलेल्या व महागड्या होत्या. जेवणाच्या चित्रातून ऐपत दाखवणे ही काही मोबाइलची देणगी नव्हे. १९६२ मध्ये अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉलने कॅम्पबेल सूपच्या डब्यांची ३२ चित्रे लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत मांडली, तेव्हा मात्र पदार्थ पूर्णपणे बाजूला पडला. त्या चित्रांत सूपचा एक थेंबही नाही. आहे ते डब्यावरचे लेबल. शॅरन कोर या अमेरिकी छायाचित्रकर्तीने २००३ च्या सुमारास ही वाट उलट दिशेने चोखाळली. वेन टीबो या अमेरिकी चित्रकाराची केकची प्रसिद्ध चित्रे समोर ठेवून तिने तसेच केक स्वतः भाजले, सजवले आणि त्यांचे फोटो काढले. चित्रावरून पदार्थ आणि पदार्थावरून पुन्हा चित्र, असा हा फेरा आहे.

फोनचा कॅमेरा ताटावर सरळ वरून धरला की वाट्यांचे काठ गोल दिसतात, खोली नाहीशी होते आणि रंगांची नक्षी तेवढी उरते. इन्स्टाग्रामवर २०१५ पर्यंत चौरस फोटोच टाकता येत आणि त्या चौकटीला हा कोन चपखल बसे. (मराठी ताटाला त्यासाठी वेगळी तयारी लागत नाही. वर मीठ-लिंबू, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी ही मांडणी पाटावर बसणारा वरूनच पाहतो.) वितळणाऱ्या आइस्क्रीमच्या जागी कुस्करलेला बटाटा, ताजेपणासाठी ग्लिसरीनचे थेंब या जाहिरातींतील क्लृप्त्या जुन्याच आहेत. पण जाहिरात ही जाहिरात आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक असते. समाजमाध्यमावरचा फोटो ‘हे मी आत्ता खाते आहे’ असे सांगतो, आणि कलावंतांनी नेमके तेच पकडले.

अर्जेंटिनात जन्मलेल्या अमालिया उल्मानने २०१४ मध्ये काही महिने स्वतःच्या इन्स्टाग्राम खात्यावर एक बनावट आयुष्य रंगवले. कपडे, हॉटेलच्या खोल्या आणि नीटनेटक्या न्याहाऱ्यांचे हे फोटो नाटक आहेत हे अनुयायांना शेवटी कळले. न्यूयॉर्कच्या रायझोम या संस्थेने ते खाते कलाकृती म्हणून जतन केले, तर २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नने ते प्रदर्शनात घेतले. त्याच वर्षी, म्हणजे २०१४ मध्ये, क्लोई वाइज या कलावंत स्त्रीने बनावट बेगलला (कड्याच्या आकाराच्या पावाला) साखळी व शनेल या फ्रेंच फॅशन कंपनीचे चिन्ह लावून केलेली पर्स एका अभिनेत्रीने शनेलच्याच मेजवानीत मिरवली. तिचे फोटो पसरले आणि पुष्कळांना ते शनेलचेच नवे उत्पादन वाटले.

इटालियन कलावंत मॉरिझियो कातेलानचे चिकटपट्टीने भिंतीला लावलेले केळे सर्वांत गाजले. डिसेंबर २०१९ मध्ये आर्ट बाझल मायामी बीच या अमेरिकेतील कलामेळ्यात त्याची किंमत १,२०,००० डॉलर होती. फोटोसाठी इतकी झुंबड उडाली की अखेरच्या दिवशी ते काढून घ्यावे लागले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सदबीजच्या लिलावात त्याची एक प्रत सुमारे ६२ लाख डॉलरला गेली व खरेदीदाराने केळे खाऊन टाकले. गंमत चांगली आहे, पण ज्या गर्दीची ती थट्टा करते तिच्याच जिवावर ती जगते. त्या मानाने छायाचित्रकर्ती लॉरा लेटिन्स्कीचे काम टिकाऊ वाटते. जेवण उरकल्यावरचे डाग, साली, सुरकुतलेले मेजपोस ती १९९७ पासून टिपत आली. पुढे तिने मासिकांतील पदार्थांची चित्रे कापून त्या कात्रणांचीच मेजे मांडली.

फोटोच्या चौकटीबाहेर काय राहते, हा प्रश्न भारतात अधिक टोकदार होतो. शिल्पकार सुबोध गुप्ताने २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे वापरलेल्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांची झोपडी उभारली आणि आत स्वयंपाक करून प्रेक्षकांना वाढले. पुण्याची कलावंत राज्यश्री गुडी हिने दलित आत्मकथनांतील अन्नाचे उल्लेख पाककृतींच्या रूपात मांडले. भूक, उष्टे, मागून आणलेले तुकडे यांचे वर्णन ‘घ्या’, ‘शिजवा’ अशा आज्ञार्थी सूचनांत येते तेव्हा पाककृती वाचण्याची आपली सवयच अडखळते. आपल्या कुटुंबाच्या अल्बममधील एकत्र खाण्यापिण्याचे फोटोही तिने कलाकृती म्हणून प्रदर्शित केले. ते सणासमारंभांचे, हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो आहेत. दलितांचे अन्न म्हणजे केवळ उपासमार या ठरीव प्रतिमेला ते छेद देतात. उकडीचे मोदक आणि पुरणपोळी यांनी भरलेल्या मराठी खाद्यपानांवर मराठवाड्यातल्या वाळवलेल्या मांसाच्या चान्या क्वचितच दिसतात, हे लक्षात घेतले की या कामाचे वजन कळते.