लिडेल, एरिक हेन्री

लिडेल, एरिक हेन्री : (१६ जानेवारी १९०२ – २१ फेब्रुवारी १९४५). स्कॉटलंडचा आंतरराष्ट्रीय रग्बीपटू, ऑलिंपिक धावपटू आणि पुढे चीनमधला मिशनरी व पाळक. रविवार हा देवाचा दिवस म्हणून त्या दिवशी धावायला नाही म्हणणारा म्हणून सगळ्यांना माहीत असतो, रग्बी मात्र बहुतेक जण एका ओळीत उरकतात.

जन्म चीनमधल्या तिएन्त्सिनचा, म्हणजे आताचं तिआनजिन, वडील लंडन मिशनरी सोसायटीचे मिशनरी. मिशनऱ्यांच्या मुलांसाठी असलेल्या एल्थम कॉलेज शाळेत वाढला, १९२० पासून एडिंबरो विद्यापीठात सायन्स.

रग्बीत विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, खेळायचा. स्कॉटलंडकडून १९२२ आणि १९२३ मध्ये सात मॅच, चार ट्राय (चेंडू प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे टेकवून मिळवलेले गुण). पहिली मॅच २ जानेवारी १९२२ ला फ्रान्सविरुद्ध पॅरिसजवळच्या कोलोंबच्या मैदानावर, ३-३ बरोबरी. त्या वर्षी १ जानेवारीला रविवार होता, मॅच सोमवारी झाली, त्यामुळे त्याच्यापुढे तेव्हा प्रश्नच आला नाही. याच कोलोंबला अडीच वर्षांनी त्याला ऑलिंपिकचं सोनं मिळालं. १९२३ मध्ये कार्डिफला वेल्सला ११-८ हरवलं त्यात त्याचा एक ट्राय होता. सातपैकी हार एकच, इंग्लंडविरुद्ध, ६-८. मग धावण्यासाठी त्याने रग्बी सोडली, धर्मासाठी नाही, हा क्रम लक्षात ठेवावा कारण लोक हमखास उलटा सांगतात.

रविवारच्या प्रकरणावर बराच घोळ आहे. १९८१ च्या ‘चॅरियट्स ऑफ फायर’ या त्याच्यावरच्या सिनेमात त्याला पॅरिस ऑलिंपिकमधली १०० मीटरची हीट (प्राथमिक फेरी) रविवारी आहे हे बोटीवर चढताना कळतं, पण प्रत्यक्षात वेळापत्रक काही महिने आधीच माहीत होतं आणि त्याने ४०० मीटरची तयारी निवांत केली होती, तेव्हा ऐनवेळचा त्याग वगैरे मानायचं कारण दिसत नाही. दोन्ही रिलेही त्याने याच कारणाने सोडल्या. ११ जुलै १९२४ ला ४०० मीटर ४७.६ सेकंदांत जिंकली, त्याआधी २०० मीटरला ब्राँझ.

आता हे ४७.६ विश्वविक्रम होतं का? काही पुस्तकं सरळ हो म्हणतात. पण अमेरिकेच्या टेड मेरेडिथने १९१६ मध्येच ४४० यार्ड ४७.४ मध्ये धावून दाखवले होते, आणि ४४० यार्ड म्हणजे ४०२.३४ मीटर, म्हणजे अंतर जास्त आणि वेळ कमी. त्यामुळे ऑलिंपिक विक्रम म्हणणंच सुरक्षित.

१९२५ मध्ये तो तिएन्त्सिनच्या अँग्लो-चायनीज कॉलेजात सायन्स आणि खेळ शिकवायला गेला. पाळकपदाची दीक्षा मात्र १९३२ मध्ये, सुट्टीवर स्कॉटलंडला आला तेव्हा मिळाली, म्हणजे मिशनरी झाल्यावर सात वर्षांनी. इथे आपल्याकडे त्याला ‘फादर’ लिहिणारे चुकतात, तो कॅथलिक नव्हता. स्कॉटिश म्हटल्यावर विल्सन कॉलेजवाल्यांचं प्रेस्बिटेरियन चर्च डोळ्यासमोर येतं, तेही नाही. तो काँग्रिगेशनल, म्हणजे स्थानिक मंडळीने आपला कारभार आपणच पाहायचा या परंपरेतला. अहमदनगरचं अमेरिकन मराठी मिशन याच परंपरेतलं, त्यामुळे तिकडच्या वाचकांना हा फरक सांगावा लागत नाही.

१९३४ मध्ये फ्लॉरेन्स मॅकेंझीशी लग्न, तीन मुली. १९३७ नंतर शाओचांगच्या खेड्यांत काम, तिथे भाऊ रॉब डॉक्टर होता. १९४१ मध्ये बायको-मुलींना कॅनडाला पाठवलं, धाकटीला त्याने कधी पाहिलंच नाही.

मार्च १९४३ मध्ये जपान्यांनी चीनमधल्याच वेइशिएनच्या कैदी छावणीत डांबलं. तिथे तो मुलांना शिकवायचा, चादरीच्या पट्ट्या फाडून मोडक्या हॉकी स्टिक बांधून द्यायचा. रविवारी खेळ घ्यायला आधी नाहीच म्हणाला, पण पोरं पंचाशिवाय खेळली आणि मारामारी झाली, मग पुढच्या रविवारी स्वतः शिट्टी घेऊन उभा राहिला. पॅरिसमध्ये सोडलेलं ते इथे त्याने केलं, हे फार कमी लोक लिहितात. कैदी-अदलाबदलीत सुटकेची संधी त्याने एका गरोदर बाईला दिली असं २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या वेळी सांगितलं गेलं, पण साठहून जास्त वर्षांनी आलेली गोष्ट म्हणून ती जपूनच घ्यावी.

मेंदूतल्या गाठीने छावणीतच मृत्यू, सुटकेच्या सहा महिने आधी. १९९१ मध्ये एडिंबरो विद्यापीठाने तिथे स्कॉटलंडच्या मल बेटावरच्या ग्रॅनाइटची स्मारकशिळा उभारली.