गोखले पूल: दीड मीटरचा घोळ आला कुठून?

मुंबईत अंधेरीला रेल्वे रुळांवरून पूर्व आणि पश्चिम जोडणारा गोखले पूल १९७५चा. पहिली चाळीसेक वर्षं तो निमूट वापरला गेला, त्यामुळे त्या काळाबद्दल फारसं बोलायला नको. ३ जुलै २०१८च्या सकाळी, पावसात, पुलाचा पादचारी भाग थेट रुळांवर कोसळला. मोटरमनने इमर्जन्सी ब्रेक लावला म्हणून लोकल अलीकडेच थांबली, तरी दोघांचा जीव गेला. मग देखभाल कोणाची यावर पालिका आणि रेल्वेची नेहमीची टोलवाटोलवी झाली. यानंतर शहरातल्या रेल्वेवरच्या पुलांचं ऑडिटही निघालं.

७ नोव्हेंबर २०२२ला पूल पाडून नव्याने बांधण्यासाठी पूर्ण बंद झाला. उरले जोगेश्वरी नाहीतर विलेपार्ल्याचे वळसे, किंवा मोठ्या पावसात हमखास तुंबणारा अंधेरी सबवे. गर्डरचे, म्हणजे पूल पेलणाऱ्या पोलादी तुळयांचे, भाग अंबाल्याहून यायला उशीर, एकामागून एक हुकलेल्या तारखा. शेवटी २६ फेब्रुवारी २०२४ला एक बाजू खुली झाली आणि खरा तमाशा तेव्हा दिसला. शेजारचा बर्फीवाला पूल, जो जुन्या गोखले पुलाला येऊन मिळायचा, तो आता सुमारे दीड मीटर खाली राहिला होता.

पालिकेचं म्हणणं, रुळांवरची उंची रेल्वेच्या नव्या निकषांमुळे वाढवावी लागली, यात आराखड्याची चूक नाही. निकषाचं कारण मान्य. पण वाढीव उंची काही उद्घाटनाच्या दिवशी ठरली नव्हती, ती नकाशावरच होती. नवा पूल वर जाणार हे ठाऊक असताना जोडणीचं काम त्याच्याबरोबरच का हाती घेतलं नाही, एवढाच प्रश्न होता आणि त्याला निकष हे उत्तर नव्हे.

बर्फीवालाचा तेवढा भाग पाडून नव्याने बांधायचा, असाही विचार झाला. शहरातल्या दोन तंत्रशिक्षण संस्थांचा सल्ला घेतल्यावर पाडण्याऐवजी उचलायचं ठरलं. हायड्रॉलिक जॅक लावून स्लॅब एका बाजूने १,३९७ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूने ६५० मिलिमीटर वर घेतला, खाली पेडेस्टल म्हणजे आधाराचे ठोकळे दिले, मग सांध्यात काँक्रीट ओतलं. काम खरोखर नाजूक होतं आणि इंजिनियरांनी ते नीट केलं, हेही म्हटलं पाहिजे. ४ जुलै २०२४पासून जुहूकडून पूर्वेला हलकी वाहनं जाऊ लागली.

दुसऱ्या बाजूचा गर्डर त्यानंतर चढला. दोन्ही बाजूंनी वाहतूक सुरू व्हायला ११ मे २०२५ उजाडला, म्हणजे बंद झाल्यापासून अडीच वर्षं.